ज्या शब्दाला नारळ नाही

पुतणीचं लग्न ठरल्याचं मी वहिनीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती स्वयंपाकात होती. मागे कुकरची शिट्टी झाली. ती पोलादपुरात एका खोलीत राहते आणि कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवते. शिट्टी थांबल्यावर तिने विचारलं, "पोरगा कुठला?"

"वरंधचा. एमआयडीसीत आहे, आमच्या शेजारच्याच कंपनीत. चांगला आहे."

"आनि लगीन?"

"आपल्याच दारात. मे महिन्यात."

"मग मला तिथं उभं राहता येईल का हो, भावजी?"

मुलगी तिची, पोटची. तरी तिला हे विचारावं लागलं, आणि मलाच विचारावं लागलं, कारण तिला अडवणारा कागद माझ्या हातचा आहे. मी म्हणालो, "बघतो." तिने "बरं" म्हणून फोन ठेवला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. तीसेक घरं, त्यातली निम्मी बंद. माणसं मुंबईला. माझा थोरला भाऊही तिकडेच एका हॉटेलच्या भटारखान्यात होता. त्याचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होतो. नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात मला "भावजी" आणि "तुमी" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी लाजून पडवीत पळालो होतो. रागावली तरी "तुमी" सुटायचं नाही. "तुमी काय गाढव हाव काय? उद्या परीक्षा नि आज नदीवर!"

ती नववीपर्यंत शिकलेली होती. आमच्या घरात तोवर एवढं कुणीच शिकलं नव्हतं. दहावीनंतर भावाने मला मुंबईला न्यायचं ठरवलं, भांडी घासायच्या जागेवर. वहिनी सासूसमोर कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी चुलीपुढे बसून ती नवऱ्याला म्हणाली, "यांना शिकू द्या. तुमी गेलात तेवढं पुरे झालं." मी महाडच्या कॉलेजात जाऊ शकलो ते या एका वाक्यामुळे. पाच वर्षं सकाळच्या एसटीसाठी मला उठवणारी तीच, भाकरी बांधून देणारी तीच. मी बीए झालो तेव्हा वाडीतल्या सगळ्यांनी मला हार घातला. वहिनी मागे पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही. मीही नाही.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत तिने महाडच्या एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. कंपनीची बस पोलादपूरच्या नाक्यापर्यंत यायची, पुढे मिळेल त्या वाहनाने घरी. तिच्या खात्यात एक सुपरवायझर होता, बाहेरच्या तालुक्यातला. त्याच्या मोटारसायकलवर तिला तीनदा पाहिलं, असं लोक म्हणाले. मग कुणीतरी तिला महाडला एका हॉटेलात त्याच्याबरोबर मिसळ खाताना पाहिलं. "नुसती खात नव्हती, हसत होती," असं ज्याने पाहिलं त्या माणसाने मला सांगितलं. पुढे गावकीच्या, म्हणजे वाडीतल्या पुरुषांच्या, बैठकीतही त्याचा भर हसण्यावरच होता. मोटारसायकलीला काही कारण असू शकतं, हसण्याला काय कारण असणार?

आईने भावाला फोन केला. भाऊ शिमग्याला आला, सोबत वाडीच्या मुंबईतल्या मंडळाची माणसं. आमच्या गावकीचे निर्णय शिमग्यातच होतात, कारण तेव्हा सगळे असतात. पालखी देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, बसते, तिच्यासमोर पुरुष बसतात, आणि वर्षभराचं जे काही साचलेलं असतं ते तिथे निघतं.

बैठकीच्या दिवशी दुपारी वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. मी पाणी प्यायला गेलो. ती मान वर न करता म्हणाली, "भावजी, सगळे आपापसात इचारतात. तुमी मला इचारत नाय. इचारा की."

मी म्हणालो, "मला काही माहीत करून घ्यायचं नाही, वहिनी."

मला तेव्हा वाटलं होतं की हा मोठेपणा आहे. शिकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत पडू नये असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ती पुन्हा राखेने तांब्या घासायला लागली.

आमच्याकडे असं प्रकरण नवीन नव्हतं. माझ्या लहानपणी एका चुलत्याने मुंबईत दुसरी बाई ठेवली होती. वरच्या वाडीतल्या एका विधवेचंही काही झालं होतं. अशा वेळी गावकी म्हणायची, "पाय घसरला." बाईचा असो वा बाप्याचा, शब्द तोच. मग त्या माणसाला काही महिने, फार तर वर्षभर, कुणी घरात घ्यायचं नाही. पुढच्या शिमग्याला तो सहाणेसमोर येऊन नारळ ठेवायचा आणि म्हणायचा, "चुकलं." जुना कुणीतरी नारळ फोडायचा, खोबरं सगळ्यांना वाटलं जायचं. ज्याने खोबरं खाल्लं त्याने ती गोष्ट पुन्हा काढायची नाही, हा नियम. आणि तो पाळला जायचा. ती विधवा पुढे वीस वर्षं वाडीतल्या सगळ्या लग्नांत हळदीची गाणी म्हणत होती. हे चांगलं होतं असं मी म्हणत नाही. चुलत्याचा नारळ तीन महिन्यांत फुटला आणि तिला वर्ष थांबावं लागलं. पण दोघांनाही परत यायला वाट होती.

त्या वर्षी मुंबई मंडळाने नवीन टूम काढली होती, की सगळं लिखापढीत पाहिजे. पालखीच्या मानाची एक वही होतीच, कोणत्या दिवशी कोणत्या घराने खांदा द्यायचा याची. ती पालखीच्या रुप्यांशेजारी, म्हणजे देवांच्या चांदीच्या मुखवट्यांशेजारी, देवळातल्या लाकडी पेटीत असायची. तीच वही काढली आणि गावकीचे अध्यक्ष, माझे लांबचे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, म्हणाले, "आपला बीए कुठं हाय? घे रे, लिही."

मी पुढे जाऊन बसलो. इतक्या माणसांत, पालखीच्या इतक्या जवळ, मी पहिल्यांदाच बसत होतो. एरवी ती जागा म्हाताऱ्यांची.

भाऊ खाली मान घालून बसला होता. त्याच्या मुंबईच्या खोलीत कोण येतं-जातं याबद्दल वाडीत बोललं जायचं, पण ते त्या दिवशी कुणी काढलं नाही. ज्यांनी मोटारसायकल पाहिली ते बोलले, ज्याने हसताना पाहिलं तो बोलला. नारळ ठेवण्यापुरतं सोडलं तर बायकांना सहाणेवर यायचं नसतं, त्यामुळे वहिनीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी तात्या म्हणाले, "लिही. पाय घसरला, म्हणून घरात घेऊ नये असं गावानं सांगितलं."

एवढंच. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं असतं तर?

पण मी बीए होतो. "पाय घसरला" हे मला वहीत लिहिण्यासारखं वाटेना. गावंढळ वाटलं. शिवाय, खरं सांगतो, मला ते वहिनीला कमीपणा आणणारं वाटलं. वाटलं की एखादा संस्कृत शब्द घातला तर गोष्ट जरा सभ्य होईल, लांब जाईल. मी लिहिलं: "सदर महिलेने व्यभिचार केल्याचे सिद्ध झाल्याने तिला घरात, देवळात व गावातील कोणत्याही मंगल कार्यात प्रवेश राहणार नाही."

"सिद्ध झाल्याने" कुणी सांगितलं नव्हतं. अशी वाक्यं तशीच सुरू होतात, मी वाचलेली होती. देऊळ आणि मंगल कार्य तर मीच वाढवलं. नुसतं "घरात" लिहिल्यावर वाक्य अपुरं दिसत होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.  मग मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "वा! याला म्हणतात ड्राफ्टिंग." तात्यांनी मला विचारलं, "म्हंजे आपण बोललो तेच ना?" मी म्हणालो, "हो, तेच." त्यांनी सही केली. मग बाकीच्यांनी सह्या-अंगठे केले. एक प्रत मुंबईला गेली.

वहिनी त्याच दिवशी माहेरी गेली. पोर सहा-सात वर्षांची होती, ती वाडीतच माझ्या आईकडे राहिली. पुढे तो सुपरवायझरही काम सोडून गेला, तिला घेऊन नाही. माहेरी दोन वर्षं काढून ती पोलादपुरात आली.

मला एमआयडीसीतच नोकरी लागली, कागदपत्रांच्या खात्यात. आमच्या कंपनीची औषधं दक्षिण अमेरिकेतल्या देशांत जातात. खोक्यातल्या माहितीच्या चिठ्ठ्या, परवान्यांचे अर्ज, सगळं स्पॅनिश नाहीतर पोर्तुगीजमध्ये. साहेबांनी विचारलं, कोण शिकेल? मी हात वर केला. शिकायचं म्हटलं की माझा हात आपोआप वर जातो. दर रविवारी पहाटे निघून वरंध घाटाने पुण्याला जायचो, घाट बंद असला की लांबच्या रस्त्याने. शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या. त्या स्पॅनिश शिकवता शिकवता तिच्या बहिणींबद्दलही सांगायच्या, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या बाकीच्या भाषांबद्दल. मी त्यांचा फार ऋणी आहे.

एका रविवारी त्यांनी फळ्यावर पाण्याचा शब्द लिहिला. लॅटिनमध्ये आक्वा. इटालियनमध्ये तसाच राहिला, स्पेनमध्ये आग्वा झाला, रोमानियात आपा, आणि फ्रान्सपर्यंत पोचेस्तोवर नुसता ओ. "बघा," त्या म्हणाल्या, "रोज तोंडात असलेला शब्द असा झिजतो. एकाच आईची लेकरं ओळखू येत नाहीत." मग त्यांनी दुसरा शब्द लिहिला. लॅटिन अदुल्तेरियुम. इटालियन अदुल्तेरियो. स्पॅनिश अदुल्तेरियो. पोर्तुगीज अदुल्तेरिउ. कॅटलान अदुल्तेरि. फ्रेंच अद्युल्तेर. रोमानियन अदुल्तेर. लग्नाच्या माणसाला सोडून दुसऱ्याकडे जाणं. "हा का नाही झिजला?" त्यांनी विचारलं.

आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

"कारण हा लोकांच्या तोंडातला नाहीच. हा धर्मपीठाच्या आणि कोर्टाच्या कागदातला. लोक पाप करत होतेच की, पण घरी त्याला दुसरंच काहीतरी म्हणत होते." मग त्या म्हणाल्या की जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचं झिजलेलं रूपही होतं, आवुतिर असं काहीसं. शेकडो वर्षं ते लोकांनी वापरलं. पुढे लॅटिन शिकलेल्यांना ते अशुद्ध वाटायला लागलं. त्यांनी मूळचा शब्द पुस्तकातून उचलून परत आणून बसवला, आणि आवुतिर मेलं. रोमानियाने तर आपला शब्द फ्रेंचांकडून आयता घेतला.

मग म्हणाल्या, "आता तुमच्या घरी काय म्हणतात ते सांगा. लाजू नका."

वर्गात खसखस पिकली. एक मुलगा म्हणाला, "लफडं!" नागपूरची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे चक्कर चालू हाय म्हणतेत." बाईही हसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "व्यभिचार."

"हा पुस्तकातला झाला. घरचा सांगा ना, कोकणातला."

मला "पाय घसरला" माहीत होतं. पण ते ओठांवर येईना. फळ्यावर सात शब्द एकाखाली एक होते, आणि ते आवुतिर खोडून नवा शब्द लिहिणारा कोणी एक कारकून मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. त्याला कुणीतरी बोलावून पुढे बसवलं असेल. त्यालाही आपलं अक्षर चांगलं आहे असं वाटत असेल. बाई म्हणाल्या, "असू दे, बसा." मी बसलो. परतीच्या एसटीत घाटभर मी वहीतलं ते पान मनातल्या मनात पुन्हा वाचत होतो. तोवर मी त्या पानाचा असा विचारच केला नव्हता. गावाने ठरवलं, मी लिहिलं, असंच मी स्वतःला सांगत आलो होतो.

हे कळल्यावर मी काय केलं? काही नाही. वहिनीकडे महिन्यातून एकदा जेवायला जायचो, ते चालू ठेवलं. पुतणी कॉलेजात जायला लागल्यावर तीही आईकडे जायची. वाडीला ते ठाऊक होतं, पण डोळेझाक होती. मला वाटायचं, असंच हळूहळू सगळं विसरलं जाईल. लिहिलेलं विसरलं जात नाही, हे मला इतरांपेक्षा आधी कळायला हवं होतं.

लग्न ठरलं आणि मी तात्यांकडे गेलो. ते आता पंच्याहत्तरीचे आहेत, ओटीवर बसून सुपारी कातरत होते. चार-पाच माणसं बसली होती. सेक्रेटरी मुंबईहून फोनच्या स्पीकरवर होते. मी म्हणालो, "तात्या, बारा-तेरा वर्षं झाली. वहिनी सहाणेसमोर नारळ ठेवेल. पोरीच्या लग्नाला तिला येऊ द्या."

"नारळ?" तात्या म्हणाले. "कशाचा?"

"पूर्वी ठेवायचे तसा."

"अरे, तो नारळ पाय घसरल्याचा. तू लिवलंस ते काय हाय? त्या शब्दाला नारळ कुठला? आमच्या बा-आज्यानं तो शब्द कधी तोंडात घेतला नव्हता, त्याचा नारळ कुठून काढू?"

फोनमधून सेक्रेटरी म्हणाले, "देखो, रेकॉर्ड इज रेकॉर्ड. त्यात प्रूव्ह झालंय असं क्लिअर लिहिलंय. उद्या दुसरा कोणी उठेल, म्हणेल माझं पण खोडा."

"प्रूव्ह काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "ते मी माझ्या मनाने लिहिलं."

"मग तेवा का नाय बोललास?" कोपऱ्यातला एकजण म्हणाला. "आमी इचारलं तुला, आपण बोललो तेच ना. हो म्हणालास. आमी अंगठं मारलं."

"चूक झाली माझी. मी ते पान खोडून देतो."

"देवाच्या पेटीतलं पान?" तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "रुप्यांशेजारी बारा शिमगं ते पान बसलंय. माझा हात नाय लागायचा, आनि तुजाबी लागू देणार नाय."

"सायब पाच-पाच भाषा शिकले," दुसरा हसत म्हणाला, "आनि आपल्या भाषेतली एक ओळ खोडता येत नाय व्हय!"

सगळे हसले. त्यात फारसा खुनशीपणा नव्हता, हेच वाईट होतं. तात्या मला पायरीपर्यंत सोडायला आले आणि हळू म्हणाले, "तिचं मला वाईट वाटतं रे. तू साधं लिवलं असतंस तर दुसऱ्याच वर्षी नारळ फोडला असता मी. माझ्याच हातानं."

कंपनीतला एक मित्र म्हणाला, असं वाळीत टाकणं आता गुन्हा आहे, सरळ पोलिसांत जा. ते खरंच आहे. मी वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "पोलीस मला मांडवात उभी करतील," ती म्हणाली, "आनि वरंधची माणसं लगीन मोडून परत जातील. नको."

मग तिने विचारलं, "काय लिवलंत हो त्यात? मला कुणी कधी वाचून नाय दाखवलं."

मला ते वाक्य पाठ आहे. मी म्हणून दाखवलं. ती ऐकत होती, तांदळातला खडा बोटांत धरून. संपल्यावर म्हणाली, "यातलं अर्धं खरं हाय. कुठलं अर्धं, ते तुमी त्या दिवशी इचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता नाय सांगत."

तिने तो खडा बाजूला टाकला. ती म्हणाली, "जेवून जा."

पुतणीही मला बोलली. पत्रिकेचा मजकूर लिहायला मलाच सांगितलं होतं, आणि त्यात आईचं नाव नसणार हे तिला कळलं होतं. "काका, तुम्हीच लिहिलं होतंत ना ते? मग तुम्हीच काहीतरी करा की." मी तिला तात्यांचं उत्तर सांगितलं. तिने हातातला मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "निदान गाडी पोलादपूरच्या नाक्यावर थांबवा. आई बघेल मला. मी उतरणार नाही, नुसती काच खाली करीन."

हे जमण्यासारखं होतं. वरंधला जायचं तर गाडी पोलादपूरवरूनच जाणार. मी वहिनीला सांगितलं, "नाक्यावर रसवंतीपाशी उभी राहा. पाणी घ्यायचं म्हणून मी गाडी थांबवीन. मी पुढेच बसणार आहे."

"नक्की?"

"नक्की."

लग्न झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मुलीची पाठवणी करायला भाऊ पुढे आला, तेव्हा तो रडला. मलाही रडू आलं, पण कशासाठी ते मी कुणाला सांगू शकलो नसतो. नवरा-नवरीच्या गाडीला काळ्या काचा होत्या. मी चालकाशेजारी बसलो, मागे जावई, पुतणी आणि पाठराखीण म्हणून निघालेली चुलती, तात्यांची बायको. तिच्या मांडीवर नवरीची पिशवी.

पोलादपूर जवळ आलं तशी चुलती म्हणाली, "कुठं थांबू नका हां. तिन्हीसांजेच्या आत उंबरा ओलांडायला पायजे. त्यांची माणसं ओवाळायला उभी असतील."

नाक्यावर गर्दी होती, गाडी आपोआपच हळू झाली. रसवंतीच्या पत्र्याखाली वहिनी उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हातात काहीतरी होतं, कागदात गुंडाळलेलं. ती येणाऱ्या प्रत्येक गाडीत वाकून बघत होती. मला काच खाली करून हात दाखवता आला असता. चालकाला मी सकाळीच थोडं सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "दादा, घेऊ का बाजूला?"

मागून चुलती म्हणाली, "आता काय?"

तात्यांची बायको. तिने एक शब्द वरंधला टाकला असता, तर पोरीचं पहिलंच पाऊल त्या घरात कसं पडलं असतं, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला असं मला म्हणता येईल. पण तो नंतर आला. तेव्हा मला फक्त भीती वाटली, एवढ्या माणसांसमोर पुन्हा काही करायची भीती.

मी चालकाला म्हणालो, "चल."

गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. वहिनीने काळ्या काचेत पाहिलं. तिला त्यात स्वतःचंच तोंड दिसलं असेल.  आरशात मागे पुतणीकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. महाडचा फाटा येईपर्यंत चुलती जावयाला कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत होती.

मला वाटलं होतं वहिनी आता बोलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. गाडीबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही.

"सुखरूप पोचली?"

"हो."

"ओवाळलं नीट?"

"हो. सासू चांगली वाटली."

"बरं." मागे खानावळीतली पोरं ताटं आपटत होती. मग तिने विचारलं, "शालू कुठल्या रंगाचा होता हो? मी डाळिंबी म्हणायचे, ती म्हणायची हिरवा. कुठला घेतलान?"

मी दिवसभर त्या मांडवात होतो. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या होत्या. मला आठवेना.

"हिरवा," मी म्हणालो.

"हिरवा," ती म्हणाली. "शोभला असंल तिला." आणि पोरांना भात वाढायचाय म्हणून तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी फोटो आले. शालू डाळिंबी होता. मी अजून तिला ते सांगितलेलं नाही.